रनाळ्याची मुऱ्हाळी

फुलवंतावहिनींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची घरं लागून, मधे भिंत नाही, दोघांच्या दारात मिळून एकच अंगण आणि एकच निंब. निंबाचा बुंधा माझ्या बाजूला आणि दुपारची सावली त्यांच्या बाजूला. माझं लग्न झालं तेव्हापासूनचा शेजार. तरी त्यांच्या उत्तरकार्याला कुणीतरी विचारलं, "बाईंचं माहेर कोणतं?" तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला काही सांगता आलं नाही. त्यांच्या पुतण्यालाही माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

लिहिण्याची मला सवय नाही. मी रनाळ्यात पिठाची गिरणी चालवली. पट्टा फिरायला लागला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. बायका डबा ठेवायच्या आणि बोटांनीच सांगायच्या, बारीक की जाड. तेवढ्यावर माझं आयुष्य भागलं. उरलेलं सगळं बोलणं माझी बायको सुगंधा करायची. माझी मुलगी आशा म्हणाली, "आप्पा, वहिनींवर तुम्हीच लिहा. बोलणार तर नाहीच तुम्ही." म्हणून बसलोय. चुकलंमाकलं असेल.

गोष्ट मागच्या उन्हाळ्याची आहे. सुगंधा गेली त्याच्या आदल्या वर्षी. ते वर्ष दुखवट्याचं, म्हणून आशा आखाजीला आली नाही. ते रीतीनंच होतं. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि लेकी दिवाळीपेक्षा आखाजीची वाट बघतात. निंबाला झोके बांधतात, पोरी माहेरी येतात, आणि उन्हं कलली की सगळं घर अंगणात येऊन बसतं.

आमचं अंगण मात्र बसण्यासारखं राहिलं नव्हतं. एका कोपऱ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग, त्यावर मोडका कूलर, गिरणीचे झिजलेले दगड, पाण्याची फुटकी टाकी. बाजा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या, त्यांच्या दोऱ्या सुटून लोंबत होत्या. निंबाचा पाला पडेल तिथेच कुजत होता. मी सकाळी दारातून ओट्यावर यायचो, बसायचो, आणि ओट्यावरून घरात जायचो. पायरी उतरायचं कारणच नव्हतं.

चैत्र लागल्यावर मी आशाला फोन केला. ती शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीत राहते. जावई तिथे कामाला आहेत. फोन करायच्या आधी काय बोलायचं ते मी मनात दोनदा म्हणून घेतलं. म्हटलं, "आखाजीले ये." ती म्हणाली, "पाहसू, आप्पा."

ते ‘पाहसू’ मला लागलं. मला वाटलं, आई गेली तसं पोरीचं माहेर संपलं. बापाकडे येऊन करायचं काय? भंगार बघायचं? मी पुन्हा फोन केला नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी फुलवंतावहिनी खराटा आणि घमेलं घेऊन माझ्या बाजूला आल्या आणि पऱ्हाट्यांच्या ढिगासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"रतिभाऊ, हाई आंगन शे का भंगारनं दुकान?"

"आवरसू कव्हय तरी," मी म्हटलं.

"कव्हय? आखाजी दाराशी वनी. आशा कव्हय येस?"

"फोन करेल शे. पाहसू म्हने."

"फोन?" त्यांनी खराटा खाली टेकवला. "फोनवर कोनी माहेरले येस का? मुऱ्हाळी कोन ग्या?"

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारा माणूस. भाऊ जातो, नाहीतर मामेभाऊ, चुलता. तो सासूच्या हातचा चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो, लेकीची पिशवी उचलतो आणि तिला घेऊन येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी हे सगळं सुगंधा बघायची. तिचा भाचा हेमकांत दर वर्षी आशाला घेऊन यायचा, आणि मला आपलं वाटायचं, की हेमकांतला त्या सुमारास शहाद्याकडे काही काम निघत असेल. आता हेमकांत पुण्याला कंपनीत लागला होता. त्याला कुणी सांगायला हवं हेही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ती पाहसू नही म्हनी तं काय म्हनी?" वहिनी म्हणाल्या. "सासूले काय सांगी, मन्हा बापना फोन वना, मी जास? हसतीन तिले. कोनी लेवाले येत नही म्हनतीन. एक साल चुकनं ते चुकनं. दुसरं साल चुकनं का वाट मोडी जास, रतिभाऊ. मंग पोर म्हनत बी नही आनि येत बी नही."

मी ऐकून घेतलं. एकुलती एक मुलगी. तिला भाऊ नाही, मला भाऊ नाही.

"मंग कोन जाई?" मी विचारलं.

"मी जासू."

"तुम्ही?" बाई मुऱ्हाळी गेल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"काबर? सरकारनं म्हातारासले एस.टी. फुकट करेल शे. मन्हं आधार कार्ड काय देव्हारामा पूजाले ठेऊ?" आणि घमेलं माझ्या पायापाशी सरकवून म्हणाल्या, "पन पैले आंगन. पोर लई येसू आनि बसाडसू कोठे? त्या कूलरवर?"

अशी आमच्या कामाला सुरुवात झाली. त्या सांगायच्या आणि मी करायचो, असं म्हणणं खरं नाही. त्या सांगायच्याही आणि करायच्याही. मी मधे मधे यायचो. पऱ्हाट्या त्यांच्या चुलीकडे गेल्या. कूलर आणि टाकी भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. गिरणीचे दगड मला टाकवेनात. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते निंबाभोवती लोळवत नेऊन बसायला मांडून दिले. ढिगाखाली विंचू निघाला, तो त्यांनी चिमट्यानं उचलून गल्लीपलीकडे सोडला आणि त्याला म्हणाल्या, "जाय, दुसरं घर पाह्य. आठे आते मानसं येतीन."

मी एकदा भीत भीत म्हटलं, "वहिनी, गवंडी बोलाईसन सिमेंट करी टाकू का? सगळास्नी करेल शे."

"करा. मंग संध्याकाळे त्यावर भाकरी शेकज्यात."

सिमेंट राहिलं. त्यांनी कुठूनशी पांढरी माती आणली, ती भिजवून खड्डे बुजवले, चोपण्यानं चोपलं आणि दोन दिवस सुकू दिलं. मग शेणानं सारवलं. सारवताना त्या मागे मागे सरकत जायच्या आणि हाताचे अर्धगोल उमटत पुढे राहायचे. मी ओट्यावर बसून बघत होतो. सारवणाचा ओला वास घरात शिरला, तेव्हा मला खूप दिवसांनी भूक लागली, हे मला आठवतं.

बाजांच्या दोऱ्या मी ओढून घट्ट केल्या. गोधड्या धुतल्या. लाल माठ आणला, वाळू भिजवून त्यावर बसवला. गल्लीतल्या जवान पोरांनी निंबाला झोका बांधून दिला. उरला मांडव. निंबाची सावली दुपारी वहिनींकडे जायची, म्हणून माझ्या बाजूला मांडव हवा होता. चार बांबू, वर तुरीच्या काड्या आणि उसाचं पाचट. बांबू किती उंच ठेवायचे ते वहिनींनी हात वर करून दाखवलं आणि पोरांनी तेवढे ठेवले. आता वहिनी होत्या माझ्या खांद्याएवढ्या. मांडव झाल्यावर मी खाली गेलो आणि टोपी काड्यांत अडकून वरच राहिली.

"वहिनी, बुटका व्हयना."

त्या मांडवाखाली ताठ चालून आल्या. "माले तं नही लागत."

"जावईले लागी."

"लागू द्या. सासराना घर वाकाले काय लाज?"

त्या मांडवात मग उन्हाळाभर जो येईल तो वाकून आला. तलाठी आला तोही वाकून. वहिनींनी चूक झाली असं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

अंगण झालं आणि वहिनी निघाल्या. नवी पाचवारी, डोक्यावर पदर, कापडी पिशवीत सांजोऱ्यांचा डबा. सकाळच्या गाडीनं नंदुरबार, तिथून प्रकाशाच्या पुलावरून शहादा, पुढे रिक्षा. मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. "आंगनले पानी मारज्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

दिवसभर मी काय केलं असेल तर पाणी मारलं. आशा येईल की नाही, येणार नसेल तर वहिनी एकट्या येतील आणि मग मी त्यांना काय म्हणू, हाच विचार. विचार आला की उठून पाणी मारायचो. दुपारपर्यंत एवढं पाणी मारलं, की सारवण मऊ होऊन पायाला लागायला लागलं. तेव्हा मी थांबलो आणि कोरडी माती टाकत बसलो. ती माठाजवळ जास्त पडली आणि तिथे उंचवटा झाला. असो.

ऊन उतरल्यावर गल्लीच्या टोकाला वहिनी दिसल्या. मागे आशा, तिची दोन्ही मुलं. मी उठून उभा राहिलो आणि टोपी पुन्हा काड्यांत गेली. ती काढून बघतो तर आशाच्या मागे आणखी एक मुलगी, विशीतली, हातात पिशवी, मान खाली. मला वाटलं, आशाची नणंद असेल.

वहिनींनी आधी अंगणाकडे बघितलं. "रतिभाऊ, आंगन शे का भातनं खाचर?"

आशा हसत होती. हसता हसता तिनं माझ्या पायाला हात लावला आणि तशीच बाजेवर बसली. "आप्पा, हाई कामिनी. तुमन्या मुऱ्हाळीनी आनी."

मग तिनं जे सांगितलं ते असं. वसाहतीतली घरं रांगेनं आणि सगळी सारखी. वहिनींना आकडे वाचता यायचे नाहीत आणि जावयाचं नाव त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांच्या लेखी आशा म्हणजे रनाळ्याची पोर, तिला दुसरं नाव कशाला. त्यांनी फाटकावर विचारलं, "रनाळानी सून कोनता घरमा ऱ्हास?" तिथल्या माणसानं बिनचूक घर दाखवलं. पण वसाहतीत रनाळ्याच्या सुना दोन होत्या.

दार उघडलं ते कामिनीच्या सासूनं. वहिनी म्हणाल्या, "मी रनाळानी मुऱ्हाळी शे. पोरले लेवाले वनू." सासूबाई खूश झाल्या. पाट मांडला, पाणी दिलं, चहा ठेवला. म्हणाल्या, "आमी तं वाटच पाहत व्हतूत. सून म्हने, कोनी तरी येईच." आणि आत आवाज दिला, "बॅग भर व माय, तुले लेवाले वनात!"

कामिनी बाहेर आली. ती रनाळ्याचीच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडची. तिनं वहिनींना ओळखलं. वहिनींनीही ओळखलं. दोघींना कळलं काय झालंय ते. कामिनीचे आईबाप थंडीतच मुलाकडे सुरतेला गेले होते, घराला कुलूप होतं. लग्नानंतरची तिची दुसरी आखाजी. आपल्याला आणायला कुणी येणार नाही हे तिला माहीत होतं, पण सासूला सांगायची हिंमत झाली नव्हती. ती दारात उभी राहून वहिनींकडे नुसती बघत राहिली.

"मंग?" मी विचारलं. एवढं मी सहसा विचारत नाही.

"मंग काय?" वहिनी माठातलं पाणी तांब्यात घेत म्हणाल्या. "मुऱ्हाळी म्हनीसन त्या घरना चहा पेनू. चहा पेवावर काय सांगू, चुकीसन वनू? म्हनं, चाल पोरी, पिशवी आन. आनि रस्तामा तिलेच इचारं, आते आशानं घर दाखाड."

आशा पुन्हा हसायला लागली. "आप्पा, ह्या दारात उभ्या, संगे कामिनी. मन्ही सासू म्हने, हाई कोन? वहिनी म्हनतीस, मन्ही पैली सवारी."

कामिनीही तेव्हा पहिल्यांदा हसली, पदर तोंडावर धरून. मग रडली. आशानं तिला झोक्यावर नेऊन बसवलं.

त्या चार-पाच दिवसांबद्दल लिहायला मला नीट जमणार नाही. आखाजीच्या सकाळी आशानं आईच्या नावानं पाण्याची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं आणि मला हाक मारून शेजारी बसवलं. मी एकटा असतो तर घागर भरली असती, पण कुणी हाक मारली नसती. दुपारी वहिनींच्या बाजूच्या सावलीत त्या तिघींनी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातल्या. वाळत घातलेल्या बिबड्या राखायचं काम माझ्याकडे होतं, आणि चिमण्यांनी माझ्यादेखत निम्म्या टोचल्या. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायच्या. आमरस, पोळ्या, सगळे खाली बसून. मग पोरी झोक्यावर. गल्लीतल्या माहेरवाशिणी यायला लागल्या, कारण अंगण आमचं मोठं आणि सारवलेलं. कोण कुणाची लेक हे मला अर्ध्यांचं कळलं नाही. त्या गाणी म्हणायच्या आणि मी बाजेवर पडून ऐकायचो. कामिनी कुणाच्या घरी राहते असं कुणी विचारलं नाही. मी तिचा कुणीच नाही हे तिच्या सासरी कळू नये अशी मला काळजी होती, तर तिनं स्वतःच सासूला फोन करून सांगितलं, "आप्पाना आंगनमा शे मी." सासू म्हणाली, बरं.

आशा जाताना तिची पिशवी मी रिक्षात ठेवली. ती म्हणाली, "आप्पा, पुढला सालबी मुऱ्हाळी धाडज्यात." ते ‘पाहसू’ तेव्हा मनातून गेलं.

वहिनींचे आभार मानायचे असं मी ठरवलं. गेलोही. त्या भांडी घासत होत्या. मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "निंबना पाला लई पडस." त्या म्हणाल्या, "पडस." मी परत आलो. त्या खरंच घर चुकल्या होत्या की आणखी काही, तेही विचारायचं राहिलं. आशा म्हणते, चुकल्याच. तिचं बरोबर असेल. मला एवढंच कळतं, की त्या गेल्या नसत्या तर माझ्या दाराची वाट मोडली असती आणि ती मोडलेली मला कळलंही नसतं. देवानं मला असा शेजार दिला आणि मी त्यासाठी काहीही केलेलं नव्हतं.

या वर्षी त्यांच्या पायांवर सूज होती. सारवायला त्यांना बसवेना. मी सारवलं. त्या ओट्यावरून बघत होत्या आणि माझे अर्धगोल कसे वाकडे येतात ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. मांडव मी हातभर उंच घेतला. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "कोनसाठे? उंटसाठे?"

मुऱ्हाळी मी जायचं ठरवलं. बाप जातो की नाही मला माहीत नाही, पण बाई गेल्या तर बापही जाईल. मी एका सकाळी गेलो आणि संध्याकाळी आशाला, मुलांना, कामिनीला घेऊन आलो. पण दुपारीच म्हसावदहून वहिनींचा पुतण्या मिथुन आला होता आणि पाय डॉक्टरला दाखवायला म्हणून त्यांना घेऊन गेला होता. आमच्या गाड्या कुठेतरी वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. आखाजीला आशा त्यांच्याशी फोनवर बोलली. तिनं फोन माझ्याकडे धरला, पण फोनवर मला सुचत नाही, मी हातानंच राहू दे म्हटलं. वाटलं, येतीलच. महिन्याभरात म्हसावदलाच त्या गेल्या. झोपेत गेल्या, मिथुन म्हणाला. त्रास झाला नाही.

तेव्हा त्यांचं-माझं शेवटचं बोलणं झालं ते त्या सकाळी, मी निघालो तेव्हा. त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"निंघनात?"

"हा."

"सांजोऱ्या लिन्ह्यात का?"

"लिन्ह्यात."

"पैले कामिनीकडे जाज्यात. तिन्ही सासू वाट पाही."

"बरं."

"आनि तठे काही तं बोलज्यात, रतिभाऊ."

"काय बोलू?"

"म्हना, ऊन भलतं पडी ऱ्हायनं."

"ऊन तं शेच," मी म्हटलं.

"मंग तेच म्हना."